शेऱ्याचा रकाना

सोमवार, १ सप्टेंबर २०२५

आजपासून मी लीड. कंपनीच्या लीडरशिप कोर्समध्ये सांगितलंय की आपले विचार प्रामाणिकपणे लिहून काढत जा. मी मराठीत लिहितोय, म्हणजे ऑफिसात वही कुणाच्या हाती लागली तरी काळजी नाही. घरात बायकोला, म्हणजे रेवाला, वाचता येतं, पण ती म्हणाली, "तुझे विचार मी दिवसभर ऐकतेच की."

पुढेमागे कुणाला उपयोग व्हावा म्हणून कामाचं स्वरूप लिहून ठेवतो. आमची औषध कंपनी बरीच मोठी आहे. जगभर कारखाने, त्यातला एक इथे आयर्लंडमध्ये, कॉर्कजवळ, रिंगास्किडीला. श्रीमंत देशांत जी औषधं विकली जातात ती बघायला दुसरे लोक आहेत. माझ्याकडचं औषध नफा न घेता गरीब देशांत जातं: लहान मुलांच्या मलेरियावरची गोळी. चमचाभर पाण्यात विरघळते आणि चव संत्र्याची. सुरुवात आफ्रिकेत, मलावीतल्या एका जिल्ह्यापासून केली आहे. तिथे जमलं तर पुढे आणखी दहा देश. कुठे किती खोकी पाठवायची हे जो ठरवतो, तो मी.

हे पद मला मिळालं ते माझ्या डॅशबोर्डमुळे. मे महिन्यात तयार केला. त्याआधी मलावीहून दर आठवड्याला जो फॉर्म यायचा त्यात आकडे कमी आणि गाळ जास्त. शेवटी शेऱ्याचा एक रकाना असायचा. त्यात लोक वाटेल ते लिहायचे: पाऊस, उंदीर, ईस्टरच्या शुभेच्छा. मी तो रकाना उडवला. म्हणजे फॉर्मवर आहे, पण माझ्यापर्यंत पोचत नाही. आता फॉर्म आला की सात सेकंदांत हिरवे-लाल गोल तयार होतात आणि पुढच्या खोक्यांचा हिशेबही आपोआप लागतो. तेव्हा ग्रॉनिया, म्हणजे माझी बॉस, "ग्रँड" म्हणाली होती. आयर्लंडमध्ये ग्रँड म्हणजे फक्त "ठीक आहे" हे मला नंतर कळलं. पण तिचा स्वर नक्कीच त्याहून वरचा होता.

दुसरी बातमी: रेवाची आई आली आहे. पंचवीस ऑक्टोबरपर्यंत.


गुरुवार, ४ सप्टेंबर

मलावीचा गोल लाल आहे.

गोळ्या दोन प्रकारच्या स्ट्रिपमध्ये जातात. बाळांसाठी सहाची, थोड्या मोठ्या मुलांसाठी बाराची. सहाची जूनमध्येच संपली. बाराची कपाटात तशीच पडून आहे. एकूण मागणी कमी दिसल्यामुळे डॅशबोर्डने जुलैपासून दोन्हींची खोकी निम्मी केली. अगदी बरोबर केलं. पडून राहणाऱ्या मालाचं काय करायचं?

ऑफिसात एकाने विचारलं, सहाची संपली तर बाराची कापून का देत नाहीत? मी म्हटलं, डेटामध्ये तसं काही दिसत नाही.


मंगळवार, ९ सप्टेंबर

आज घरून काम. पाण्याच्या टाकीचं जे गरम कपाट असतं, ज्याला इथले लोक हॉट प्रेस म्हणतात, त्यात आईंनी दही लावलं आहे. वरच्या फळीवर पापड. माझे इस्त्रीचे शर्ट मुक्ताच्या खोलीत हलवले आहेत. मुक्ता, आमची मुलगी, सहा वर्षांची आहे, तिला हे फारच आवडलं. "आजीज प्रेस इज ग्रँड," म्हणाली.

सुलभाताई वानखडे, म्हणजे आई, गडचिरोली जिल्ह्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयात एकतीस वर्षं औषधनिर्माण अधिकारी होत्या. गोळ्या वाटायच्या खिडकीमागे. त्यामुळे आपण एकाच क्षेत्रातले आहोत असा त्यांचा समज आहे. जेवताना विचारलं, "जवाईबापू, तुमच्या गोळ्या तिकडे वाटते कोण?"

मी म्हटलं, "आमचे पार्टनर असतात, आई. लास्ट माइल इकोसिस्टीम."

"हो, पण बाई का बुवा?"

मी रेवाकडे पाहिलं. रेवा कोशिंबीर वाढत होती. खूप वेळ वाढत होती.


शनिवार, १३ सप्टेंबर

आज मी संतापलेलो आहे आणि कोर्सच्या सूचनेनुसार संताप कागदावर उतरवतो आहे.

चौदा ऑक्टोबरला हेड ऑफिसमधून मिस्टर ब्रेनर येणार. त्यांच्यासमोर टेबलावर ठेवायला मी बाराच्या स्ट्रिपचा नमुना घरी आणला होता. देखणी चीज आहे. पांढरीशुभ्र, एका टोकाला निळ्या अक्षरात नाव, मुदतीची तारीख, बॅच नंबर, बाकी सगळी मोकळी जागा. डिझाइनला बक्षीस मिळालंय. सकाळी अंघोळ करून बाहेर आलो तर मुक्ता ओरडत जिन्यावर: "डॅडी! आजीज आफ्टर कटिंग युअर मेडिसिन!" इथल्या इंग्रजीत आफ्टर कटिंग म्हणजे नुकतंच कापलं.

स्वयंपाकघरात आई कात्री घेऊन उभ्या. स्ट्रिपचे दोन तुकडे. एक एका हातात, दुसरा दुसऱ्या.

"आई, हे काय केलंत?"

"काही नाही, हाताले सवय आहे. सहा गोळ्या द्यायच्या असल्या की मी अशीच कापू." मग उजव्या हातातला तुकडा माझ्या नाकासमोर धरला. "याच्यावर नाव कुठी आहे?"

"नाव त्या दुसऱ्या तुकड्यावर आहे."

"आन् तारीख?"

"तीही त्याच तुकड्यावर."

"म्हणजे हा तुकडा कायचा आहे?"

"हा त्याच गोळीचा आहे, आई! आत्ता तुम्हीच कापलात ना!"

त्या हसल्या. वाईट नाही, पण हसल्या. "मी कापली म्हणून मले माहीत. उद्या खिडकीवर दुसरी बाई बसली तर?"

माझ्या तक्रारी अशा की नमुना कंपनीचा होता, विचारायला हवं होतं, आणि चर्चा मूळ मुद्द्यावरून भलतीकडे नेली. मूळ मुद्दा होता कात्री. दुपारभर दोन तुकडे चिकटपट्टीने जोडत बसलो. रेवा म्हणाली, "ती काय विचारत होती ते कळलं का तुला?" मी म्हटलं, माझा प्रश्न वेगळाच आहे. ती म्हणाली, "तेच म्हणतेय मी."


मंगळवार, १६ सप्टेंबर

ग्रॉनियाने केबिनमध्ये बोलावलं. चौदा ऑक्टोबरच्या बैठकीत मलावीत मागणी नाही असं ठरलं, तर पडून असलेला माल परत मागवणार आणि पुढचे दहा देश रद्द. नोव्हेंबरात तिकडे पाऊस सुरू होतो. पावसाबरोबर डास आणि डासांबरोबर मलेरिया.

मी म्हटलं, निदान डॅशबोर्डमुळे वेळेवर कळलं. मोठं नुकसान टळेल.

ग्रॉनियाने चहाच्या मगातून माझ्याकडे पाहिलं. केरीतल्या एका गावात तिच्या वडिलांचं औषधाचं दुकान होतं, असं कधीतरी बोलली होती. म्हणाली, "मांगोचीच्या बाईंशी बोललास का?"

मांगोची म्हणजे तो जिल्हा. बाई म्हणजे चिकोंडी, तिथली जिल्हा औषध अधिकारी. मी म्हटलं, "त्यांचा फॉर्म दर आठवड्याला येतो."

"फॉर्म येतो ते माहितेय, विक्रांत. बोललास का?"

बोलेन. कॅलेंडरवर टाकलं आहे.


मंगळवार, २३ सप्टेंबर

चिकोंडीशी व्हिडिओ कॉल झाला. म्हणजे खरं तर आईंचा झाला.

मी नऊ प्रश्न काढून ठेवले होते. दुसऱ्या प्रश्नावर आई चहा घेऊन खोलीत आल्या आणि स्क्रीनवर वाकून पाहू लागल्या. चिकोंडी साधारण माझ्या वयाची असेल. पाठीमागे लाकडी मांडणी, तिच्यावर खोकी. आईंनी इंग्रजीत विचारलं, "दॅट रॅक, लेग इन वॉटर?" चिकोंडीने कॅमेरा खाली केला. मांडणीचे चारही पाय पाण्याने भरलेल्या डब्यांत. मुंग्या चढू नयेत म्हणून. आई एवढ्या खूश झाल्या की चहाचा कप माझ्या प्रश्नांच्या कागदावर ठेवला.

पुढची पंचवीस मिनिटं मी स्वतःच्या मीटिंगमध्ये प्रेक्षक होतो. उंदीर. नोंदवहीच्या कडा ओल्या होणं. तपासणीला येणारे साहेब नेमके जेवणाच्या वेळेला कसे येतात. चिकोंडी त्यांना "आमायी" म्हणत होती. त्यांच्या भाषेत आई. आई मला म्हणाल्या, "मले माय म्हणून राहिली ना ते!"

कामाचं फारसं काही निघालं नाही. शेवटी चिकोंडीने मला विचारलं, "माझे शेरे वाचले असतीलच तुम्ही?"

मी म्हटलं, "अर्थात. फार मोलाचे आहेत."

स्क्रीनवरचा तिचा चेहरा स्थिर झाला. नेटवर्क अडकलं असावं.

कॉल संपल्यावर आईंनी विचारलं, "वाचता ना शेरे?" मी म्हटलं, आई, आता सगळं आकड्यांवर चालतं. त्या कप उचलत म्हणाल्या, "आमच्याकडं जुलाबावरच्या पावडरची पाकिटं आली होती. उंदरानं भोकं पाडलेली, पावडर दगडावानी झालेली. मी दर महिन्याले शेऱ्यात लिहिलं, पाकिटं बदलून द्या. तीन महिने लिहिलं. मंग ऑगस्टमध्ये एक बाई आली, पोट्टीले घेऊन..." मग म्हणाल्या, "चहा थंडा होऊन राहिला," आणि खाली गेल्या.

गोष्ट पूर्ण केली नाही. बहुतेक पुढचं आठवेना. वय झालंय.


शुक्रवार, २६ सप्टेंबर

आज लिहिणं अवघड जातंय.

शेऱ्याच्या रकान्यात गाळ असतो हे आईंना एकदा दाखवूनच द्यावं म्हणून मी मूळ फॉर्म उघडले. मी रकाना उडवल्यापासून एकोणीस आठवडे झाले. चिकोंडीचे एकोणीस शेरे.

पहिला, मे महिन्यातला: "सहाच्या स्ट्रिपा कमी आहेत. बाराची कापून देता येईल, पण उरलेल्या तुकड्यावर नाव आणि मुदत नाही. बिननावाची गोळी द्यायला नियमाने बंदी आहे. कृपया दोन्ही टोकांना छापावं."

तिसरा: "वरीलप्रमाणे. सोबत फोटो."

सहावा: "वरीलप्रमाणे. सहाची संपली. बाराची कापता येत नाही म्हणून पडून आहे. मागणी नाही असं कृपया समजू नये."

आठवा: "खोकी वाढवायला सांगितली होती, निम्मी आली. हा विनोद असेल तर मला समजावून सांगावा."

अकरावा: "मी एक उपाय सुचवते. इथेच कागदी पाकिटं छापून घेऊ, वर औषधाचं नाव, बॅच, मुदत, डोसचं चित्र. कापलेल्या गोळ्या पाकिटातून देऊ. आमच्या खात्याची हरकत नाही, विचारून घेतलं आहे. पाकिटं औषधासोबत जाणार म्हणून तुमच्या कंपनीचं एका ओळीचं लेखी संमतीपत्र हवं."

चौदावा: "एका ओळीचं."

सोळावा: "हा शेरा मी इंग्रजीत लिहिला, आमच्या भाषेत, चिचेवात लिहिला. आज माझी मुलगी म्हणाली, गाऊन बघ."

सतरावा: "बाळांना परत पाठवावं लागतंय. अठरा किलोमीटरवर मिशनचा दवाखाना आहे, तिथे पाठवतो. आतापर्यंत नऊ."

एकोणिसावा, या सोमवारचा: "इथे कोणी आहे का?"

आणि मंगळवारी मी तिला म्हटलं की फार मोलाचे आहेत.

ईस्टरच्या शुभेच्छा एप्रिलमध्ये एकदाच होत्या. उंदीरही एकदाच. मी दोनदा मोजलं.


रविवार, २८ सप्टेंबर

प्रामाणिकपणे लिहायचं तर लिहितो. काल दिवसभर मी एक योजना आखली. रकाना गुपचूप पुन्हा चालू करायचा. मग चौदा तारखेला सांगायचं की डेटाच्या सखोल अभ्यासातून मला एक गोष्ट सापडली. स्लाइडचं शीर्षकसुद्धा तयार होतं. माझ्या हातून काय घडलं हे कुणाला कळणार नव्हतं, उलट शाबासकी मिळाली असती. स्लाइडवर बाणही फार चांगला काढला होता.

आज सकाळी रेवाला सगळं सांगितलं. ती आधी हसली, सोळाव्या शेऱ्याला. सतराव्याला थांबली. मग म्हणाली, "स्लाइड दाखव." दाखवली. तिने शीर्षक वाचलं आणि लॅपटॉप माझ्याकडे वळवला.

आई ओट्यापाशी भेंडी पुसत होत्या. त्यांनाही सांगितलं. मला वाटलं, आता आयुष्यभर ऐकावं लागणार. त्या फक्त म्हणाल्या, "फोन केला का तिले?"

"आज रविवार आहे, आई."

"मंग उद्या करा. आन् पहिले हे सांगा का चुकलं. कारणं मंग सांगजा, तिनं विचारलं तर."

मी विचारलं, ती पावडरची पाकिटं... त्या बाईच्या पोरीचं पुढे काय झालं?

भेंडी पुसता पुसता म्हणाल्या, "लिहून ठेवले होते ना मी सगळे शेरे तारीखवार. पोट्टी गेली, तरी कोणी पाहाले मांगितले नाही." आणि मला कात्री, सुरी, काहीतरी आणायला सांगितलं. मी उगाचच चमचा घेऊन आलो.


सोमवार, २९ सप्टेंबर

फोन केला. जसाच्या तसा उतरवतो.

मी म्हटलं, "तुमचे शेरे मी वाचले नव्हते. मे महिन्यात तो रकाना मी काढून टाकला. मंगळवारी तुमच्याशी खोटं बोललो. शुक्रवारी सगळे वाचले."

या वेळी नेटवर्क चांगलं होतं.

"म्हणजे मी ज्या भिंतीला पत्रं लिहीत होते," चिकोंडी म्हणाली, "ती भिंत तुम्ही."

"हो."

"भिंतीचं नाव काय म्हणालात?"

"विक्रांत."

"विक्रांत, मला राग आलाय. तो दोन-तीन दिवस राहील. तोपर्यंत आपण काम करूया."

मी त्या नऊ बाळांबद्दल विचारलं. तिने स्वतः मिशनच्या दवाखान्याची नोंदवही पाहिली होती. आठ जण तिथे पोचले, औषध मिळालं. नववं नोंदवहीत नाही. सात महिन्यांची मुलगी. शोध चालू आहे.

फोन ठेवल्यावर मी बाहेर चक्कर मारून आलो. पाऊस होता, छत्री विसरलो. परत आल्यावर मुक्ताने विचारलं, "डॅडी, आर यू अलराइट, लाइक?" इथली मुलं लाइक शेवटी लावतात. मी ग्रँड म्हटलं. इथल्या अर्थाने.


मंगळवार, ७ ऑक्टोबर

पॅकिंगवाल्यांना भेटलो. स्ट्रिपच्या दोन्ही टोकांना, खरं तर प्रत्येक गोळीमागे नाव छापायचं तर नवे साचे आणि प्रत्येक देशाची वेगळी परवानगी लागेल. नऊ महिने. बक्षीस मिळवणारा डिझायनर म्हणाला की इतक्या अक्षरांनी पांढऱ्या जागेचा श्वास कोंडेल. मी त्याच्यासमोर स्ट्रिप कापली आणि नाव नसलेला तुकडा हातात दिला. विचारलं, हे कशाचं औषध आहे? त्याने उलटसुलट करून पाहिलं. बिचारा चांगला माणूस आहे. म्हणाला, "जीझस!" आणि वहीत लिहायला लागला.

तोपर्यंत चिकोंडीची पाकिटं. छापखाना तिने जुलैतच बघून ठेवलाय, चित्रंही तयार. हवंय फक्त ते एका ओळीचं पत्र. सही ब्रेनर साहेबांची लागते. आणि गेले पाच महिने आपण उलटं का करत होतो हे ते विचारणारच.


मंगळवार, १४ ऑक्टोबर

बैठक झाली.

मी बाण असलेली स्लाइड काढून टाकली. एकोणीस शेरे ओळीने मोठ्या अक्षरात लावले आणि म्हटलं, वाचा. ब्रेनर साहेब चष्मा कपाळावर ढकलून वाचत होते. सोळाव्याला कोपऱ्यातून कुणीतरी हसलं. सतराव्याला साहेबांनी चष्मा काढून हातात घेतला.

"हे आपल्याकडे कधीपासून आहे?" साहेबांनी विचारलं.

"मे महिन्यापासून."

"मग डॅशबोर्डवर का नाही?"

"शेऱ्याचा रकाना मी काढून टाकला होता. मला तो गाळ वाटला. त्यामुळे मागणी कमी दिसली, म्हणून खोकी निम्मी केली, म्हणून बाळांचं औषध आणखी कमी पडलं. हे सगळं माझं."

लीडरशिप कोर्समध्ये याचा सराव घेतलेला नव्हता.

मग ग्रॉनियाने चिकोंडीला स्क्रीनवर घेतलं. हे मला माहीत नव्हतं. चिकोंडीने चार मिनिटांत पाकिटांचं सगळं सांगितलं: कोण छापणार, कोण भरणार, नोंद कुठे होणार, चूक झाली तर कोण जबाबदार. ब्रेनर साहेबांनी एकच शंका विचारली, की अर्धशिक्षित आईला डोस कळेल का. चिकोंडी म्हणाली, "चित्रं आम्ही तेवीस आयांना दाखवली, सगळ्यांना कळली. तुमचं माहितीपत्रक अकरा भाषांत आहे, त्यातली आमची एकही नाही."

पत्रावर दुपारीच सही झाली. खोकी पूर्ववत, वर आणखी. दहा देशांचा निर्णय मार्चमध्ये, मलावीतला पावसाळा कसा जातो ते बघून.

नंतर ग्रॉनियाने दार लावून घेतलं. म्हणाली, लीडचं पद सध्या तुझ्याकडे राहणार नाही. मी मान हलवली. मग म्हणाली, "आणि तू तीन आठवडे मांगोचीला जातोयस. ती सांगेल ते काम करायचं. फॉर्म नाही, हातांनी."

"कधी?"

"नोव्हेंबर. पाऊस असेल. तू कॉर्कचा आहेस, यू'ल बी ग्रँड."

घरी येऊन सांगितलं. रेवाने पुरणपोळी केली. पद गेल्यावर पुरणपोळी करणारी बायको कुणाला नसेल. आईंनी माझ्या पानात एक जास्त वाढली आणि तूप मोजलं नाही.


मंगळवार, २१ ऑक्टोबर

सकाळी चिकोंडीचा मेसेज. नववी मुलगी सापडली. तिची आई मिशनच्या दवाखान्यात गेलीच नव्हती, सरळ तिथल्या मोठ्या तळ्यापलीकडे माहेरी गेली. तिथल्या केंद्रात औषध मिळालं. मुलगी ठणठणीत आहे, दोन दात आलेत आणि आरोग्यसेविकेच्या बोटाला चावली.

ऑफिसला जाताना बसमध्ये मेसेज वाचला. शेजारच्या आजोबांनी विचारलं, "चांगली बातमी?" मी म्हटलं, "एक मुलगी चावली." ते म्हणाले, "उत्तम," आणि पुन्हा खिडकीबाहेर बघू लागले. या देशातल्या लोकांना फार समजावून सांगावं लागत नाही.


शनिवार, २५ ऑक्टोबर

आईंना डब्लिन विमानतळावर सोडून आलो. जाताना त्यांनी मला एक पिशवी दिली. दोन किलो तरी असेल. "हे चिकोंडीले. मिरच्या आहेत भरल्या, आन् लसणाची चटणी. तिले तिखट चालते."

"तुम्हाला काय माहीत?"

"रोज बोलतो ना आम्ही. व्हॉट्सॲपवर."

रोज! त्या कॉलनंतर दुसऱ्याच दिवसापासून. मी विचारलं, "मी तिला फोन केला त्याच्या आधीपासून? मग तुम्ही तिला सांगितलं होतं, की मी...?"

"मी काहून सांगू? तुमचं काम होतं ते." मग पदर सावरत म्हणाल्या, "तिनं विचारलं होतं मले, तुमचा जवाई कसा आहे म्हणून."

"तुम्ही काय म्हणालात?"

"म्हटलं, हुशार आहे, पण चांगला आहे."

आणि सुरक्षा तपासणीच्या रांगेत शिरल्या. पुढच्या माणसाला बेल्ट काढायची आठवण करताना दिसल्या.

परतीच्या वाटेवर रेवा गाडी चालवत होती. मी ते वाक्य अजून समजून घेतोय. "पण" कुठे यायला हवा होता?


बुधवार, १९ नोव्हेंबर, मांगोची

इथे येऊन नऊ दिवस झाले. हाताला फोड आलेत, पाकिटं भरून. चिकोंडीचा राग दोन-तीन दिवसांचा नव्हता असं दिसतं, पण आता ती मला विक्रांत म्हणते, भिंत नाही.

आज तळ्याकाठच्या केंद्रावर होतो. सकाळपासून धो धो पाऊस, तरी व्हरांडा भरलेला. एक तरुण आई आठ-नऊ महिन्यांच्या मुलाला घेऊन आली, तापाने फणफणलेला. तपासणी झाली, मलेरिया निघाला. आरोग्यसेविकेने गोळी चमच्यात विरघळवली आणि दिली. मुलाने एक क्षण विचार केला आणि सगळी संत्र्याची चव माझ्या शर्टवर परत केली.

व्हरांडा हसला. मुलाची आईसुद्धा. सेविकेने शांतपणे दुसरी गोळी विरघळवली.

चिकोंडी म्हणाली, "अर्ध्या तासात पुन्हा ओकला तर परत द्यावी लागेल. तुम्हाला आकडे आवडतात ना? मोजा."

मी बाकावर त्या दोघांशेजारी बसलो, मोबाइलवर वेळ लावली. आई आणि मी एकमेकांची भाषा बोलत नव्हतो, त्यामुळे दोघेही मुलाकडे बघत होतो. सहाव्या मिनिटाला उचकी. अकराव्याला तो माझ्याकडे असा रोखून बघू लागला जणू गोळी मीच बनवली आहे. एकोणिसाव्याला खोकला. मी उठून उभा राहिलो, आईने हाताने मला खाली बसवलं. बाविसाव्याला तो झोपला. झोपेत तोंड वाकडं केलं तेव्हा मी पुन्हा उठलो आणि ती पुन्हा हसली.

तीस.

"तीस!" मी जरा मोठ्याने म्हणालो. सगळ्या व्हरांड्याने माझ्याकडे पाहिलं. आईने उरलेल्या गोळ्यांचं पाकीट कापडाच्या गाठीत बांधलं, मुलाला पाठीशी घट्ट गुंडाळलं, डोक्यावर प्लॅस्टिकचा कागद घेतला आणि पावसात चालू लागली. नऊ किलोमीटर जायचं होतं तिला. वळणापर्यंत मी बघत राहिलो.

तोवर पुढची आई बाकावर येऊन बसली होती. चमच्यातली गोळी विरघळत होती. मी घड्याळ शून्यावर आणलं आणि थोडं सरकून तिला जागा करून दिली.